ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर? कॉलेज फुटबॉलनंतरच्या दोन वर्षांचा हिशेब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पेनसिल्वेनियातल्या एका डिव्हिजन टू (कॉलेज खेळांचा दुसरा दर्जा) कॉलेजकडून चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, तेही सेफ्टीच्या, म्हणजे बचावातल्या सगळ्यात मागच्या खेळाडूच्या जागी, नोव्हेंबरमध्ये त्याचा शेवटचा सामना झाला आणि आता त्याला एनएफएलसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगसाठी, प्रयत्न करायचा आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, नाव येणं अवघड आहे, हे त्याचे कोचच सांगतात. तर ट्रेनिंगवर पैसे घालायचे का, एजंट हवा का, कॅनडातली लीग बरी का, आणि हे किती दिवस चालू द्यायचं?

ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या मुलांची तयारी करून घेणं हेच माझं काम आहे. सगळ्याच घरांतून पहिला प्रश्न येतो, ‘पोरगा तेवढा चांगला आहे का?’ या पातळीला आलेला जवळपास प्रत्येक मुलगा चांगलाच असतो. अडतं ते जागेवर. कोणत्या संघात त्याच्या जागेवर माणूस कमी आहे आणि त्या संघाला तो दुसऱ्या कुठल्या कामाला येईल, यावर पुढचं सगळं ठरतं.

आकडे आधी पाहू. ड्राफ्टच्या सात फेऱ्या, ३२ संघ. २०२५ मध्ये २५७ खेळाडू निवडले गेले. कॉलेज खेळांची संस्था असलेल्या एनसीएएच्याच अंदाजाप्रमाणे ड्राफ्टला पात्र असलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी साधारण १.६ टक्के निवडले जातात. पण उन्हाळ्यात प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात आणि ही जागा भरायला ड्राफ्ट पुरत नाही. त्यामुळे ड्राफ्ट संपल्यावर काही तासांतच न निवडलेल्या मुलांचे करार सुरू होतात. ऑगस्टच्या अखेरीस ९० चे ५३ करायचे असतात, म्हणजे ३२ संघांत मिळून जवळपास बाराशे जण एकाच सुमारास मोकळे होतात. त्यानंतर प्रत्येक संघ १६ जणांचं प्रॅक्टिस स्क्वाड (५३ बाहेरची सरावाची तुकडी) भरतो. तुमच्या मुलाचं खरं लक्ष्य हे ५३ आणि हे १६ आहेत. ड्राफ्टची रात्र टीव्हीवर बघा हवी तर, पण त्यात जीव अडकवू नका.

कशालाही हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, त्याची कॉलेजमध्ये खेळण्याची पात्रता खरंच संपली आहे का? एखादं वर्ष शिल्लक असेल आणि त्याने एजंटशी करार केला, तर ते वर्ष गेलं. आजकाल मोठ्या विद्यापीठात बदली घेऊन एक वर्ष खेळणं हाही चांगला मार्ग असतो. तिथे पैसेही मिळतात आणि खेळाडू हेरणारे स्काउटही येतात. दोन, पदवीचे किती क्रेडिट राहिलेत? जानेवारी ते एप्रिल ट्रेनिंगसाठी कॉलेज सोडणारी बरीच मुलं चार-पाच विषय मागे ठेवून जातात आणि ते विषय मग वर्षानुवर्षं तसेच राहतात. ऑनलाइन होत असतील तर याच सत्रात उरकून घ्या.

आता तयारी. इंडियानापोलिसच्या कंबाइनला, म्हणजे एनएफएलच्या एकत्रित चाचणीला, सव्वातीनशेच्या आसपास खेळाडूंना बोलावणं येतं; त्यात तो नसेल असं धरून चला. त्याची परीक्षा म्हणजे मार्चमधला प्रो डे, कॉलेजात स्काउटांसमोर होणारी चाचणी. बऱ्याच डिव्हिजन टू कॉलेजांचा स्वतःचा प्रो डे नसतो. अशा वेळी त्याच्या कोचने जवळच्या मोठ्या विद्यापीठाला विचारून याला तिथे सामील करून घ्यायचं असतं. हे डिसेंबर-जानेवारीतच ठरवावं लागतं. फेब्रुवारीच्या शेवटी फोन केला तर ‘यादी भरली’ हेच ऐकायला मिळतं. याशिवाय एनएफएल संघ आपल्या परिसरातल्या मुलांसाठी स्थानिक प्रो डे घेतात. पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया यांपैकी जे घर किंवा कॉलेजला जवळ असेल तिथे कोचने मुलाचं नाव पोचवावं.

सेफ्टीसाठी ४० यार्डांची धाव ४.६ सेकंदांच्या आत आली तर त्याची फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रण, उघडली जाते. ४.७ च्या पुढे गेली तर फिल्म फारच बोलकी असावी लागते. वेळ सुधारते ती मुख्यतः पहिल्या १० यार्डांत. हाताची जागा, पुढच्या पायाचं रेषेपासून अंतर, पहिलं पाऊल जमिनीलगत पडतं की मुलगा तिसऱ्याच पावलाला ताठ उभा राहतो, या गोष्टी आठ-दहा आठवड्यांत बदलता येतात. त्याचा मूळचा सर्वोच्च वेग एवढ्या काळात फारसा बदलत नाही. पूर्ण वेगाच्या धावा आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. प्रो डेच्या आधीची शेवटची पूर्ण वेगाची धाव पाच-सहा दिवस आधी. मांडीच्या मागचा स्नायू नेमका शेवटच्या आठवड्यात फाटतो, कारण घाबरून मुलं रोज वेळ लावून बघतात. १०२ किलोच्या, म्हणजे २२५ पौंडांच्या बेंच प्रेसचं सेफ्टीला विशेष कौतुक नाही. बारा-पंधरा वेळा उचललं की पुरे. त्याच्या नादी लागून चार किलो वाढवले की धाव मंदावते आणि तीन शंकूंच्या वळणाची वेळही बिघडते.

आणखी एक चूक नेहमीची. धाव आणि उड्या झाल्यावर कोच सेफ्टीच्या हालचाली करून घेतात: मागे पळणं, कंबर वळवून फिरणं, चेंडूवर झेपावणं, उंचावरचा चेंडू हातांनी पकडणं. बऱ्याच मुलांनी तोवर दोन महिने सरळ रेषेत धावण्यापलीकडे काही केलेलं नसतं आणि चेंडू हातातून निसटायला लागतात. आठवड्यातून तीन दिवस चेंडू हातात हवाच.

ट्रेनिंगच्या खर्चाचं परिस्थितीवर अवलंबून आहे. फ्लोरिडा-ॲरिझोनातल्या नावाजलेल्या केंद्रांत राहणं-जेवण धरून रक्कम सहज पाच आकडी डॉलरमध्ये जाते. ती एजंट भरत असेल तर ठीक. तुम्हालाच भरायची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: भरू नका. कॉलेजचा स्ट्रेंथ कोच आणि ॲथलेटिक्सचा एक चांगला धावण्याचा कोच मिळून यातलं बरंचसं करून देऊ शकतात. ‘स्काउट येणार आहेत’ म्हणून फी घेऊन खासगी कंबाइन भरवणाऱ्यांपासूनही चार हात लांब राहा. कोणत्या संघाचा कोण येणार, हे आधी लेखी मागा. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपतो.

वाचलेला वेळ फिल्मवर घाला. चार-पाच मिनिटं, ४० च्या आसपास प्ले (खेळातले एकेक डाव), संगीत नाही. प्रत्येक प्लेच्या आधी क्षणभर चित्र थांबवून मुलाभोवती वर्तुळ. पहिल्या दहा प्लेमध्येच सर्वोत्तम सगळं आलं पाहिजे, कारण बघणारा तिथेच ठरवतो. मोकळ्या मैदानातले टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं) आधी, इंटरसेप्शन (समोरच्याचा पास पकडणं) नंतर. सेफ्टी हा शेवटचा माणूस, आणि तो चुकतो का हे संघाला आधी बघायचं असतं. पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाला देणं) आणि किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) यांवरचे किमान आठ-दहा प्ले घाला. सोबत तीन पूर्ण सामन्यांच्या लिंक द्या, त्यातला एक वरच्या दर्जाच्या संघाविरुद्धचा, भले तो हरलेला असो.

एजंटबद्दल. खेळाडू संघटनेने, म्हणजे एनएफएलपीएने प्रमाणित केलेलाच एजंट करार करू शकतो; नाव त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतं. कमिशन जास्तीत जास्त ३ टक्के, आणि तेही खेळाडूला पैसे मिळाल्यावर. आधी ‘नोंदणी फी’ मागणाऱ्याला नमस्कार करा. करार पाच दिवसांची लेखी नोटीस देऊन मोडता येतो, पण ट्रेनिंगचे पैसे एजंटने दिले असतील तर ते परत करण्याचं कलम बहुधा वेगळ्या कागदावर असतं. तो कागद सही करण्याआधी वाचा. आणि एकच प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत ड्राफ्ट न झालेली किती मुलं तुमच्याकडून कॅम्पला, म्हणजे संघाच्या उन्हाळी सराव शिबिराला, गेली, आणि ऑगस्टमध्ये मोकळी झाल्यावर त्यांना पुढची चाचणी कोणी मिळवून दिली? मोठ्या एजन्सीत तुमचा मुलगा यादीत चाळिसावा असेल. अशा मुलाला रोज फोन फिरवणारा लहान एजंट जास्त उपयोगी पडतो.

ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी, सहावी फेरी चालू असतानाच फोन सुरू होतात: ‘नाव आलं नाही तर आमच्याकडे येशील का?’ उत्तर दहा मिनिटांत द्यावं लागतं आणि घरचे सगळे तेव्हा बोनसचा आकडा बघत असतात. बोनस बघू नका, त्या संघात सेफ्टीची जागा किती मोकळी आहे ते बघा. म्हणजे असं: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ३२ संघांचा तक्ता करा. सेफ्टी किती, त्यातल्या कितींचा करार याच वर्षी संपतोय, तिशी कितींनी ओलांडली, गेल्या दोन वर्षांत ड्राफ्ट न झालेला बचावपटू या संघाने ५३ मध्ये ठेवला का. ड्राफ्टच्या तीन दिवसांत कोणी सेफ्टी घेतला की त्या संघावर काट मारत जा. संघ साधारण चार-पाच सेफ्टी ठेवतात. कॅम्पला आठ-नऊ असतात. ज्या संघाचा चौथा आणि पाचवा सेफ्टी डळमळीत, तो संघ तुमचा. पाच हजार डॉलर जास्त देणाऱ्या पण पाच पक्के सेफ्टी असलेल्या संघात मुलगा फक्त सरावाला माणूस म्हणून जातो.

हा करार तीन वर्षांचा असतो. वर्तमानपत्रं किमान पगारांची बेरीज करून लाखोंचा आकडा छापतील, गावाकडून अभिनंदनाचे फोन येतील. त्यातले पक्के पैसे म्हणजे बोनस आणि जी रक्कम ‘हमी’ म्हणून लिहिली असेल तेवढीच. ऑगस्टमध्ये काढलं तर बाकीचं शून्य.

करारच आला नाही तर मेमधल्या रूकी मिनीकॅम्पला, म्हणजे नवख्यांच्या छोट्या शिबिराला, चाचणीचं आमंत्रण येऊ शकतं. हे दोन-तीन दिवसांचं, बिनपगारी. कमी लेखू नका. डिव्हिजन टूच्याच मँकाटोचा ॲडम थीलन २०१३ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडे असाच चाचणीला गेला, वर्षभर प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये राहिला, पुढे स्पेशल टीम्सवर (किक आणि पंटच्या तुकड्यांत) खेळला आणि २०१७ व २०१८ मध्ये निवडक खेळाडूंच्या प्रो बोलला पोचला. वेस्ट अलाबामाचा माल्कम बटलर २०१४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या चाचणीतून आत आला आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी त्याने गोल रेषेवर चेंडू हिसकावला. असे फार थोडे, हेही खरं.

आता कॅम्प, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण जागा इथे मिळते किंवा जाते. तिसऱ्या फळीतल्या सेफ्टीला सरावात मोजकेच प्ले मिळतात. त्यातून तो पहिल्या फळीच्या सेफ्टीला हटवणार नाही. पाचवा सेफ्टी निवडताना खरा शब्द चालतो तो स्पेशल टीम्सच्या कोचचा. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी फार तर ४८ जणांना गणवेश मिळतो. पाचवा सेफ्टी त्यात बसतो तो किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट आणि पंट रिटर्न या चारही तुकड्यांत उभा राहतो म्हणून.

२०२४ पासून किकऑफचा नियम बदललाय. आता किक मारणारा ३५ यार्डांच्या रेषेवर आणि त्याचे बाकीचे दहा साथीदार समोरच्या संघाच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे असतात. चेंडू ठरावीक पट्ट्यात पडेपर्यंत किंवा कोणी झेलेपर्यंत त्यांना हलता येत नाही. पूर्वी लांबून सुसाट धावत येणाऱ्याला भाव होता. आता पाच-दहा यार्डांत समोरच्या ब्लॉकरचे हात झटकून मोकळं होणं आणि जवळून टॅकल करणं महत्त्वाचं. सेफ्टी आणि लाइनबॅकरच्या अंगकाठीच्या मुलांना हा बदल फायद्याचा आहे. तुमच्या मुलाने हाताने ब्लॉक सोडवण्याचा सराव आत्तापासून रोज करावा.

पंटवर एक जागा सेफ्टीसाठी जणू राखीव असते: पर्सनल प्रोटेक्टर. हा स्नॅपरच्या (चेंडू मागे फेकून, म्हणजे स्नॅप करून, डाव सुरू करणाऱ्याच्या) मागे साधारण पाच यार्डांवर उभा राहतो, समोर डावी-उजवीकडे किती जण आहेत ते मोजतो, कोणी कोणाला अडवायचं ते ओरडून सांगतो आणि सगळे तयार झाले की स्नॅपची खूण देतो. स्नॅप सुटल्यापासून पायाला चेंडू लागेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास वेळ असतो. मोजणीत एक माणूस चुकला की पंट अडवला जातो. नवख्याला हे काम सहसा देत नाहीत, म्हणूनच जो ते करू शकतो तो लक्षात राहतो. कॉलेजमध्ये केलं नसेल तर त्याच्या कोचकडून पंटच्या रचना आणि मोजणीचे शब्द आत्ताच शिकून घ्यायला सांगा. शिवाय दोन्ही सेफ्टी आणि स्लॉटमधला, म्हणजे आतल्या बाजूला पास झेलणाऱ्यासमोरचा, निकेल, या तिन्ही जागांची प्लेबुक पाठ हवी. पहिल्या दहा दिवसांत कोणाला तरी दुखापत होते आणि कोच विचारतो, ‘हे कोणाला येतं?’

दुखापत लपवू नका. मुलं लपवतात, लंगडत खेळतात, फिल्म खराब होते आणि मग ‘तंदुरुस्त’ म्हणून बाहेर काढली जातात. संघाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी नोंद झाली असेल तर जखमी अवस्थेत काढताना संघाला त्याची जबाबदारी घ्यावी लागते. बहुधा काही आठवड्यांच्या पगाराची तडजोड होते. निघतानाच्या तपासणीच्या कागदावर दुखरी प्रत्येक जागा लिहायची. ‘सगळं ठीक’ असं लिहून सही केली की हात बांधले गेले.

काढल्यावर नवा खेळाडू २४ तासांसाठी वेव्हर्सवर, म्हणजे बाकीच्या संघांना उचलता येईल अशा यादीत, जातो. कोणत्याही संघाने उचलला तर थेट त्यांच्या ५३ मध्ये. नाही उचलला तर तो मोकळा, आणि प्रॅक्टिस स्क्वाडचे फोन सुरू होतात. २०२५ मध्ये तिथला किमान पगार आठवड्याला १३,००० डॉलर होता. १८ आठवडे टिकला तर २,३४,०००. ५३ मधल्या नवख्याचा किमान पगार वर्षाला ८,४०,०००. पण प्रॅक्टिस स्क्वाडचा करार आठवड्याआठवड्याचा असतो. कोणत्याही मंगळवारी संपू शकतो. घर वर्षाच्या करारावर घेऊ नये, गाडी तर नकोच. चांगली बाजू अशी की दुसरा संघ त्याला तिथून आपल्या ५३ मध्ये कधीही नेऊ शकतो आणि मग तीन आठवड्यांचा पूर्ण पगार द्यावाच लागतो. स्वतःचा संघही हंगामात तीनदा त्याला सामन्यापुरता वर घेऊ शकतो.

कुठेच जमलं नाही, तर सप्टेंबर ते डिसेंबर हा सगळ्यात अवघड काळ. संघ मोकळ्या खेळाडूंच्या चाचण्या बहुधा मंगळवारी घेतात. सोमवारी रात्री फोन येतो आणि पहाटेचं विमान असतं. वजन किलोभराच्या आत आणि धावणं चालू हवं. हंगाम संपल्यावर जानेवारीत संघ पुढच्या वर्षासाठीचे फ्युचर्स करार करतात. पहिल्या वर्षी हुकलेल्यांची दुसरी संधी बरेचदा इथूनच येते.

दुसऱ्या लीगबद्दल. वसंतातली यूएफएल, एक्सएफएल आणि यूएसएफएल एकत्र होऊन २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा हंगाम मार्चअखेर ते जून, म्हणजे ताजी फिल्म घेऊन मुलगा जुलैच्या एनएफएल कॅम्पला पोचू शकतो. डॅलस काउबॉइजचा किकर ब्रँडन ऑब्री यूएसएफएलमधूनच २०२३ मध्ये आला आणि त्याने पहिले ३५ फील्ड गोल न चुकता मारले. सेफ्टीला माझी पहिली पसंती हीच.

कॅनडाच्या सीएफएलचा हंगाम जून ते नोव्हेंबर, ९ संघ, १८ सामने. मैदान रुंद, एका बाजूला १२ खेळाडू, तीनच डाउन (प्रयत्न), आणि पास झेलणारे रिसीव्हर स्नॅपच्या आधीच पळत सुटलेले. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: तिथे कॅनेडियन खेळाडूंची संख्या राखावी लागते आणि बरेच संघ ती सेफ्टीच्या जागेवर भरतात. त्यामुळे अमेरिकेतून गेलेल्या सेफ्टीला तिथे हाफबॅक किंवा कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरला अडवण्याच्या जागी, खेळावं लागतं. माणसाला माणूस धरून खेळणं जमत असेल तरच तिकडे जा. पेन स्टेटचा कॅमेरन वेक २००५ मध्ये ड्राफ्टमध्ये नव्हता. २००७ आणि २००८ ही दोन वर्षं बीसी लायन्सकडे गाजवून तो मायामीला आला आणि एनएफएलमध्ये १००.५ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणं) करून थांबला. पण तो पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा खेळाडू, त्याचं काम दोन्ही मैदानांवर सारखंच. सही करण्याआधी करारातून एनएफएलकडे जायची मुभा कधी मिळते ते वाचा. हंगामाच्या मध्यात सोडून जाता येत नाही.

किती दिवस? मी घरच्यांना दोन ऑगस्ट सांगतो, मध्ये एक वसंत. पहिल्या ऑगस्टमध्ये काढलं, तर वसंतात यूएफएल, आणि मग दुसरा ऑगस्ट. त्यानंतरही कुठून पगार मिळत असेल तर खेळू द्या. घरच्या पैशावर तिसरं वर्ष नको. आणि त्या दोन वर्षांतही सहा आठवडे कोणाचाच फोन नसेल, तर शाळेत कोचिंग किंवा अर्धवेळ नोकरी धरायला हरकत नसते, मंगळवारी सुट्टी मिळेल एवढं बघायचं.

तुम्ही त्याची उंची, वजन, ४० यार्डांची शेवटची मोजलेली वेळ (हाताने की यंत्राने, तेही) आणि गेल्या हंगामात स्पेशल टीम्सच्या किती तुकड्यांत होता, हे लिहा. किती क्रेडिट राहिलेत तेही. म्हणजे कोणत्या प्रो डेला जायचं आणि तक्त्यात कोणते संघ वर ठेवायचे, ते सांगता येईल.